खोल काळ्या मातीत लॉन लावायचं आहे: वाळू, जिप्सम की लाल माती?

प्रश्न असा आहे. नाशिकच्या बाहेर नवा बंगला, भोवती साधारण १५०० चौरस फूट मोकळी जागा. माती काळी आणि चिकट. पावसाळ्यात चप्पल जागेवर राहते आणि पाय वर येतो, उन्हाळ्यात हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात. जूनमध्ये लॉन लावायचं ठरलंय. एक ठेकेदार म्हणतो, दोन ब्रास वाळू आणि चार पोती जिप्सम मिसळा. दुसरा म्हणतो, वरची फूटभर काळी माती उचलून टाका आणि लाल माती भरा. आता फेब्रुवारी आहे. कुणाचं ऐकावं?

तूर्त कुणाचंच नको. दोघंही मातीत काय घालायचं तेवढंच सांगतायत. काळ्या मातीतलं लॉन बहुतेक वेळा मातीत काही कमी पडलं म्हणून जात नाही. साचलेल्या पाण्याला जायला वाट नसते आणि माती चुकीच्या ओलीत खणलेली असते, म्हणून ते जातं. ही दोन कामं नीट झाली तर विकत आणायचं सामान फार थोडं लागतं. ती राहिली तर वीस ब्रास काहीही आणून ओता, दुसऱ्या पावसाळ्यात गवत पिवळं पडून मध्ये टक्कल पडणारच.

आधी या मातीचा स्वभाव बघू. दख्खनच्या काळ्या कातळापासून झालेली ही माती. तिच्यात चिकणमातीचे कण, म्हणजे ०.००२ मिलिमीटरपेक्षा बारीक कण, वजनाने निम्म्याच्या आसपास असतात, कधी त्याहून जास्त. त्यातही मुख्य खनिज मॉन्टमोरिलोनाइट. त्याच्या थरांच्या मधे पाणी शिरतं, थर एकमेकांपासून दूर सरतात आणि माती फुगते. पाणी गेलं की आकसते आणि भेगा पडतात. त्यामुळे ही माती फसवते. मे महिन्यात तिच्यावर पाइप सोडा, भेगांतून पाणी गटागट आत जातं आणि वाटतं, निचरा तर उत्तम आहे. दोन पावसांनी ती फुगून भेगा मिटल्या की तासाला जेमतेम मिलिमीटरभर पाणी आत जातं. उरलेलं वर उभं राहतं, मातीतल्या पोकळ्यांमधली हवा संपते आणि मुळं गुदमरतात.

तरी या मातीला नावं ठेवू नका. पोटॅश भरपूर, कॅल्शियम भरपूर, आणि ओल धरायची ताकद एवढी की रब्बीची ज्वारी नुसत्या साठलेल्या ओलीवर निघते. लॉनला यातलं सगळं उपयोगाचं आहे. म्हणूनच ती उचलून टाकायचा सल्ला मला पटत नाही.

पहिलं काम: एक खड्डा. जागेच्या सर्वांत खालच्या कोपऱ्यात तीन फूट खोल खणा, जमल्यास दुसरा घराजवळ. बाजूची भिंत खरवडून बघा. नव्या बांधकामाच्या जागेत वरचा फूटभर भाग बहुधा मूळ माती नसतोच. पायाच्या खणतीतली खालची माती, विटांचे तुकडे, प्लास्टरचा राडारोडा, आणि जिथे सिमेंट कालवलं होतं तिथे पांढरा कडक थर, असा तो ढीग जेसीबीने पसरून दाबलेला असतो. राडारोडा वेचून बाहेर काढावाच लागतो. सिमेंट मातीचा सामू (पीएच) आणखी वर नेतं, आणि काळ्या मातीचा सामू मुळातच ७.५ ते ८.५ च्या घरात असतो.

खड्ड्यात दुसरी बघायची गोष्ट म्हणजे मुरूम किती खोलीवर लागतो. माळाच्या बाजूला दीड-दोन फुटांवर लागू शकतो, नदीच्या बाजूला तीन फुटांतही लागणार नाही. यावरच पुढचा सगळा खर्च ठरतो. मुरूम जवळ असेल तर चर त्यात उतरवून पाणी तिथे सोडता येतं. तो लागलाच नाही, तर शोषखड्ड्याच्या नादी लागू नका. निव्वळ काळ्या मातीतला शोषखड्डा जुलैत भरतो आणि दिवाळीपर्यंत भरलेलाच राहतो.

त्याच खड्ड्यात निचरा तपासा, पण कोरड्या मातीत नको. खड्डा पाण्याने भरा, जिरू द्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा भरा. भिंती पुरत्या फुगल्यावर तिसऱ्यांदा भराल ते पाणी किती वेळात उतरतं ते पाहा. एका दिवसात फूटभर पाणी उतरलं तर तुम्ही नशीबवान. दुसऱ्या दिवशीही निम्मं शिल्लक असेल, तर खाली सांगितलेले चर टाळता येणार नाहीत.

तिसरी तपासणी प्रयोगशाळेत. कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी महाविद्यालयाच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत नमुना द्या आणि सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, मुक्त चुना व विनिमययोग्य सोडियम (मातीच्या कणांना चिकटलेलं सोडियम) हे पाचही आकडे मागा. शेवटचे दोन आपणहून मागावे लागतात, नेहमीच्या अहवालात बहुधा येत नाहीत. अहवाल येईपर्यंत घरी एक सोपी चाचणी करा. काचेच्या पेल्यात पावसाचं किंवा आरओचं पाणी घ्या, त्यात हरभऱ्याएवढा कोरडा खडा अलगद सोडा आणि रात्रभर हलवू नका. खडा फुटून तळाशी चुरा पडला आणि वरचं पाणी स्वच्छ राहिलं, तर ठीक. खड्याभोवती दुधासारखा ढग पसरला, तर मातीत सोडियम जास्त असण्याची शंका घ्यायला हरकत नाही.

आता वाळू. हिशेब करून बघू. १५०० चौरस फुटांत वरची सहा इंच माती म्हणजे ७५० घनफूट, साडेसात ब्रास. तिच्यात निम्मी चिकणमाती धरा. दोन ब्रास वाळू मिसळली की चिकणमातीचं प्रमाण ५० टक्क्यांवरून ४० च्या जरा खाली येतं. म्हणजे माती चिकणच राहिली. ते २० टक्क्यांवर आणायचं तर अकरा ब्रासपेक्षा जास्त वाळू लागेल आणि सगळी जागा जवळजवळ नऊ इंच वर येईल. घराच्या जोत्याला मातीच लागेल. आणि अर्धवट वाळूचा परिणाम नुसता शून्य नसतो. वाळूचे कण एकमेकांना टेकत नाहीत, ते चिकणमातीत रुतून बसतात, त्यामुळे नव्या पोकळ्या तयार होत नाहीत. वाळल्यावर ती माती आधीपेक्षा कडक होते. बाजारात मिळणारी क्रश सँड तर यासाठी मुळीच नको, तिच्यातली दगडाची पूड उरलीसुरली भोकंही बुजवते.

गोल्फच्या मैदानावर तर वाळूच असते, असं ठेकेदार ऐकवतील. खरं आहे. पण ते ग्रीनपुरतं, म्हणजे भोकाभोवतीच्या हिरवळीपुरतं. तिथे खाली खडीचा थर आणि वर फूटभर जवळजवळ निव्वळ वाळूच असते. चिकणमातीत वाळू कालवलेली नसते. उलट क्रिकेटच्या अनेक खेळपट्ट्यांसाठी मुद्दाम काळी चिकणमाती निवडतात, कारण ओली असताना रोलर फिरवला की ती दगडासारखी घट्ट बसते. तेव्हा ओल्या काळ्या मातीवर ‘लेव्हलिंगसाठी’ जड रोलर आणणाऱ्याला फाटकातूनच परत पाठवा.

जिप्समचं काम वेगळं आहे. ते मातीतल्या कणांना चिकटलेलं सोडियम हटवून त्या जागी कॅल्शियम बसवतं. ज्या जमिनीला आपण चोपण म्हणतो, सामू ८.५ च्या वर, पाऊस पडला की वर साबणासारखा गाळ आणि वाळल्यावर पापडी, तिथे ते औषध आहे. साध्या काळ्या मातीत कॅल्शियम आधीच मुबलक असतं. चुनखडीचे पांढरे खडे दिसतातच. तिथे जिप्सम टाकून फुगणं आणि आकसणं थांबत नाही, कारण ते खनिजाच्या घडणीतच आहे. शिवाय चार पोती, म्हणजे २०० किलो, १४० चौरस मीटरवर. हेक्टरी १४ टनांच्या आसपास मात्रा झाली! एवढी मात्रा चोपण जमिनीतसुद्धा अहवाल पाहूनच ठरवतात. विनिमययोग्य सोडियम १५ टक्क्यांच्या वर आलं तर जिप्सम हवंच. आठ-दहा टक्के आलं तरी काळ्या मातीत मी दुर्लक्ष करत नाही, कारण तिच्यात एवढ्यानेही निचरा मंदावतो. मात्र सुटलेलं सोडियम पाण्याबरोबर खाली किंवा बाहेर जायला हवं. निचऱ्याशिवाय टाकलेलं जिप्सम जागच्या जागी बसून राहतं.

याला जोडूनच एक गोष्ट सांगतो, जी बंगल्यांमध्ये फार कमी लोकांच्या लक्षात येते. बोअरचं पाणी जड म्हणून घरात सॉफ्टनर बसवलेला असतो. तो पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून त्याजागी सोडियम सोडतो, म्हणून तर त्यात मीठ भरावं लागतं. हेच ‘मऊ’ पाणी बागेच्या नळाला जोडलं की काही वर्षांत चांगली काळी माती चोपण व्हायच्या वाटेला लागते. प्लंबरला सांगून बागेची लाइन सॉफ्टनरच्या आधीच काढून घ्या. नवं घर आहे, आत्ताच होईल.

लाल मातीबद्दल. ती भरू नये असं नाही, पण जशी भरतात तशी भरू नये. काळ्या मातीत फूटभर खोल चौकोन खणून त्यात लाल माती ओतली की वरून पडलेलं पाणी भराभर खाली जातं, काळ्या थराला भिडतं आणि तिथेच थांबतं. तुम्ही जमिनीत एक हौद बांधलात. वरून दिसत नाही, पण ऑगस्टमध्ये पाय टाकला की जमीन दबते आणि पाणी वर येतं. त्यात ‘लाल माती’ या नावाखाली काय येईल याचा भरवसा नाही. कधी नुसती मुरुमाची पूड, कधी चिकण तांबडी माती. मूठभर ओली करून अंगठ्याने पट्टी काढा. दोन इंचांपेक्षा लांब पट्टी न तुटता निघाली तर तीही चिकणच आहे, पैसे देऊ नका. आणि ही माती येते ती कुठल्या तरी डोंगराच्या उतारावरूनच. माझ्या मते लॉनसाठी डोंगर खरवडणं हे कारणही ती न आणायला पुरेसं आहे.

कुणी धरणातला गाळ सुचवेल. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेमुळे गाळ बऱ्याच ठिकाणी सहज मिळतो आणि मुरमाड, हलक्या रानाला तो वरदान आहे. पण गाळ म्हणजे बहुतांशी चिकणमातीच. तुमच्याकडे ती आधीच गरजेपेक्षा जास्त आहे.

मग करायचं काय? मार्चमध्ये उतार काढा. घरापासून दूर, दर दहा फुटांना दोन ते अडीच इंच. डोळ्यांना सपाट दिसतं, पाण्याला पुरतं. काळ्या मातीत आत मुरण्यापेक्षा वरून वाहून जाणारं पाणीच तुमचं लॉन वाचवतं, म्हणून उताराच्या कामात कंजुषी नको. दोरी आणि पाण्याची लेव्हल-नळी लावून करा, नजरेने नको. जोत्यालगत अडीच-तीन फुटांचा पट्टा लॉनमधून वगळा. तिथे रोज पाणी मुरलं आणि उन्हाळ्यात सुकलं की फुगणारी माती फरशी उचलते आणि भिंतीला तडे देते. त्या पट्ट्यात फरसबंदी करा किंवा खडी पसरा.

खड्ड्याची परीक्षा वाईट आली असेल तर उताराला आडवे चर घ्या. बारा ते पंधरा फुटांच्या अंतराने, दीड फूट खोल, नऊ इंच रुंद. तळाला दहा फुटांना सव्वा इंच उतार, मग थोडी खडी, त्यावर चार इंच व्यासाचा, छिद्रं असलेला पाइप, आणि पाइपाचं तोंड पावसाळी गटारात किंवा कंपाउंडबाहेरच्या नाल्यात. तोंड कुठे काढायचं ते आधी ठरवा, चर मग खणा. उलट क्रमाने कामं झालेली मी पाहिली आहेत, आणि तो पाइप मग नुसताच जमिनीत पुरलेला राहतो. चराला जिओटेक्स्टाइल कापडाचं अस्तर द्या, नाहीतर दोन वर्षांत चिकणमाती खडीत शिरते.

आता खरी मेख. पाइप टाकल्यावर कामगार सवयीने उपसलेली काळी माती परत चरात लोटतात. तसं केलं तर चर असून नसल्यासारखा, कारण काळ्या मातीतून पाणी आडवं सरकत पाइपापर्यंत पोचतच नाही. खडी जमिनीखाली चार इंचांपर्यंत वर आणा आणि उरलेले चार इंच जाड, धुतलेल्या वाळूने भरा, थेट पृष्ठभागापर्यंत. वरून वाहत आलेलं पाणी या वाळूच्या पट्टीत शिरतं आणि खाली उतरतं. गवत तिच्यावरही येतं. या जागेत वाळूचं काम असेल तर ते एवढंच, आणि त्याला पाऊण ब्रासही पुरते.

खोदाईला मी एप्रिल निवडतो. कुदळीने किंवा टिकावाने नऊ इंच ते फूटभर, मोठी ढेकळं तशीच उलटी टाकून. ढेकळं फोडू नका. पॉवर टिलरने भुगा तर अजिबात करू नका. शेतात नांगरट करून रान तापवतात, तेच इथे. मेच्या उन्हात ढेकळं आतपर्यंत सुकतात, आकसतात, त्यांना बारीक तडे जातात. मग वळवाचा एखादा पाऊस आला की ती आपोआप विरघळल्यासारखी कणीदार होतात. हे काम माणसाच्या हाताने एवढं चांगलं होत नाही. वळीव आला नाही तर संध्याकाळी एकदा पाइपाने भिजवा.

यानंतरची प्रत्येक मशागत वापशावर. शेतकरी घरातल्या वाचकाला सांगायला नको, बाकीच्यांसाठी: चार इंच खोलीवरची मूठभर माती घेऊन दाबा. गोळा झाला आणि बोटाने टिचकी मारताच फुटला, तर वापसा आहे. बोटाला चिकटली किंवा दाबल्यावर चकाकली, तर थांबा. ओल्या काळ्या मातीत एकदा टिलर फिरला की पात्याखालचा थर लिंपल्यासारखा गुळगुळीत होतो, आणि मुळं व पाणी दोन्ही तिथे अडतात. तो थर मोडायला पुन्हा एक उन्हाळा लागतो. ठेकेदाराचे मजूर अमुक तारखेला मोकळे आहेत, हे मातीला ठाऊक नसतं. करारातच लिहून घ्या की वापसा नसेल तर काम नाही.

तापवण्याचा दुसरा फायदा लव्हाळा या तणाच्या बंदोबस्तासाठी. काळ्या मातीतल्या लॉनचा हा मोठा शत्रू, आणि गवत लावल्यावर त्याला काढणं म्हणजे कायमची नोकरी. उन्हात वर आलेल्या गाठी सुकतात, खोलवरच्या वाचतात. म्हणून पहिल्या पावसानंतर उगवलेला प्रत्येक कोंब खुरपीने गाठीसकट काढा, पंधरा दिवसांनी पुन्हा काढा. नुसती पात कापली की गाठ दुप्पट जोमाने फुटते.

आणि इथे तुमच्या बेताला माझी हरकत आहे. जूनमध्ये लॉन लावू नका. जूनमध्ये ताग पेरा. १५०० चौरस फुटांना किलोभर बी पुरे. त्याची सोटमुळं काळ्या मातीत खोल जातात, पावसाचं जास्तीचं पाणी ओढून घेतात, आणि पंचेचाळीस-पन्नास दिवसांनी, फुलं धरायच्या बेताला कापून गाडला की नत्र आणि ताजा सेंद्रिय माल दोन्ही जागेवरच मिळतं. ऑगस्टमध्ये वापसा मिळेलच असं नाही. तेव्हा कोयत्याने कापून तुकडे वर पसरून ठेवा आणि उघडीप मिळाली की मातीत मिसळा. चिखलात गाडण्यापेक्षा ते बरं. तागाहूनही मोठा फायदा असा की एक पूर्ण पावसाळा तुमच्या डोळ्यांसमोर जातो. कुठे पाणी उभं राहिलं, कुठली भर बसली, कुठला चर नीट वाहत नाही, हे सगळं गवत यायच्या आधी कळतं आणि दुरुस्त होतं. लॉन सप्टेंबरच्या उत्तरार्धात लावा. त्याला थंडीपूर्वी मुळं धरायला महिना-दीड महिना मिळतो. घरच्या मंडळींना वास्तुशांतीच्या फोटोत हिरवळ हवी असेल तर कुंड्या मांडा.

लावणीच्या दोन-तीन आठवडे आधी, वापशावर, दोन इंच जाडीचं कुजलेलं खत पसरा आणि वरच्या पाच-सहा इंचांत मिसळा. दोन इंच म्हणजे अडीच ब्रास. आकडा मोठा वाटेल, पण पैसा घालायची जागा हीच. सेंद्रिय पदार्थ मातीचं फुगणं थांबवत नाहीत, ते बारीक कणांना बांधून त्यांचे दाणे करतात आणि दाण्यांमधून हवा-पाणी जातं. कंपोस्ट चालेल. शेणखत चालेल, पण पूर्ण कुजलेलं, हाताला गार लागणारं, वास नसलेलं. अर्धकच्चं शेणखत हरळी-लव्हाळ्याबरोबर हुमणीही घेऊन येतं, आणि हुमणीने मुळं खाल्लेलं लॉन सतरंजीसारखं गुंडाळून उचलता येतं. साखर कारखान्याचं कुजवलेलं प्रेसमड (उसाचा रस गाळून उरलेली मळी) स्वस्त आणि चांगलं पडतं. फक्त ते गंधक प्रक्रियेच्या कारखान्यातलं असावं, चुना-कर्बवायू प्रक्रियेच्या प्रेसमडमध्ये चुना फार असतो आणि तुमच्या मातीला आणखी चुना नको. तुमच्या बाजूला घोटी-इगतपुरीकडे भात गिरण्या आहेत. तिथलं भाताचं तूस इंचभर मिसळलं तर ते हळू कुजतं आणि माती बराच काळ मोकळी ठेवतं. लाकडाचा ताजा भुसा नको, कुजताना तो गवताच्या वाट्याचं नत्र खातो. खताबरोबरच सात किलो सिंगल सुपर फॉस्फेट मिसळा, सुट्टं न टाकता खतात कालवून. चुनखडीच्या मातीत सुट्टं स्फुरद लगेच अडकून पडतं.

मिसळल्यावर दोनदा पाणी देऊन माती बसू द्या, खड्डे त्याच मातीने भरा, फळीने सपाट करा. पायाने तुडवलेलं पुरे.

गवत कोणतं? भरपूर ऊन असेल तर सिलेक्शन वन. ती हरळीचीच निवडलेली जात, काळ्या मातीचं आणि तिचं जमतं. मेक्सिकन दिसायला गुबगुबीत, पण पाणी साचण्याला ती जास्त नाजूक आहे, असा माझा अनुभव. काळ्या मातीत मी तयार गवताच्या रोलपेक्षा ठोंब टोचणं पसंत करतो, तीन-चार इंचांवर. दोन महिने उशीर होतो, पण मुळं पहिल्या दिवसापासून तुमच्याच मातीत असतात. रोल हवाच असेल तर नर्सरीत त्याच्या खालची माती बघा. लाल मातीवर वाढवलेला रोल काळ्या मातीवर नुसता अंथरला तर मुळं त्या लाल थरातच घुटमळतात. जमिनीचा वरचा अर्धा इंच दाताळ्याने मोकळा करून, ओलसर असताना, रोल दाबून बसवा.

नंतरचं थोडक्यात. रोज शिडकावा ही सवय लाल मातीची, काळीला ती घातक आहे. गवत जमलं की एकदा भरपूर पाणी, मग सहा इंची खिळा सहज घुसेनासा होईपर्यंत पाणी नाही. उन्हाळ्यात हे अंतर चार-पाच दिवसांचं पडतं. पावसाळ्यात नवी पात पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर ती लोहाची कमतरता, युरियाने जाणार नाही. हिराकस (फेरस सल्फेट) लिटरला पाच ग्रॅम, चिमूटभर सायट्रिक आम्ल घालून संध्याकाळी फवारा. जमिनीत टाकलेलं हिराकस चुन्यात वाया जातं, आणि फरशीवर उडालं तर गंजाचे डाग कायमचे. दरवर्षी पावसाळ्यानंतर वापशावर पोकळ दातांच्या यंत्राने मातीच्या कांड्या काढून घ्या आणि चाळलेलं कंपोस्ट वरून झाडा. टोकदार खिळ्यांची चप्पल घालून फिरणं नको, त्याने भोकाच्या कडा उलट लिंपल्या जातात. पहिल्या उन्हाळ्यात भेगा पडतीलच, कितीही केलंत तरी. त्यात कंपोस्ट भरा, वाळू नको.

खर्च झेपत नसेल तर १५०० ऐवजी ८०० चौरस फूट लॉन करा आणि उरलेल्या जागेत झुडपं लावा. घराच्या उत्तरेला दिवसभर सावली असेल, तर तसंही तिथे हरळी टिकणार नाही. उतार आणि चर मात्र सगळ्या जागेचे आत्ताच करून घ्या, कारण पुढे लॉन वाढवायचं ठरलं तर जमलेल्या गवतातून चर खणायला लागेल.